कडता

आमच्या मंडळीत प्रार्थनेला उभं राहायचं म्हटलं
की माझी जीभ टाळूला चिकटते.
सुलोचनाबाई भोऱ्यांनी डोळे मिटले की अर्धा तास,
आणि शब्द कसे, जणू पंचगंगेला पाणी आलंय.
मी आपला मागच्या बाकावर,
पायताण बाकाखाली सरकवून
‘आमेन’ तेवढं वेळेवर म्हणणारा.

पाळकसाहेबांनी एकदा विचारलं,
शांतवन, देवाच्या सेवेत तुम्ही काय करता?
म्हटलं, मार्केट यार्डात मापाडी आहे.
ते हसले. ते नव्हे हो, म्हणाले.
मला तर तेवढंच येतं.

सौदे सुरू व्हायच्या आधी काटा पुसायचा.
गुळाचा चिकटा तव्यावर धरतो, मुंग्या लागतात,
ओलं फडकं फिरवलं नाही
तर शेतकऱ्याचं माप आधीच हललेलं.
पुसायचं आणि दोन पावलं मागं सरायचं.
आकडा थरथरतो:
शून्य, शून्याच्या जरा खाली, शून्य.
तोवर मी श्वास धरतो.
हमाल म्हणतात, मामा काट्याच्या पाया पडतोय बघ.
म्हणू देत.

एका डिसेंबरात अंगात ताप होता
आणि कडता दोनदा कापला मी.
गोणपाटाचं वजन एकदा वजा,
पुन्हा एकदा वजा,
खाली माझीच सही.
अडत्याला कळलं नाही,
जिचा गूळ तिलाही नाही.
नाताळच्या आदल्या रात्री करंज्या करता करता
बायको म्हणाली, साखर जरा मोजून द्या,
आणि वाटी हातातच राहिली.

दीड किलो. सत्तावन्न रुपये.
अडत्या म्हणाला, मामा, एस्टीचं तिकीट त्याहून जास्त होईल.
झालं.

सव्वीस तारखेला रंकाळा स्टँडवरनं
बाजारभोगावची गाडी धरली.
पुढं दीड कोस चाललो.
बायाक्का चौगुले गुऱ्हाळावर
चुलाण्यात चिपाडं सारत बसलेली,
धुरानं डोळे लाल.
‘इम्याचा माणूस हाईस काय रं?’
सांगितलं. तिला ऐकू कमी,
म्हणून परत सांगितलं, ओरडून,
म्हणजे माझी चूक साऱ्या गुऱ्हाळानं ऐकली.
गुळव्या ढवळायचा थांबला.

साठ रुपये तिच्या हातावर ठेवले.
तिनं ते दोनदा मोजले,
कमरेची चंची सोडली
आणि तीन रुपये मला परत दिले.
राहू दे, म्हटलं.
‘का? मी काय भीक मागाय बसलोय?
सत्तावन म्हणालास न्हवं?’

मी आयुष्यभर दुसऱ्यांचं तोललं.
त्या दिवशी तव्यावर मी होतो
आणि माप धरणारी ती,
काजळलेल्या हातांची, बिनसहीची.

निघताना तिनं काहिलीतली काकवी
एका बाटलीत ओतली, काठोकाठ,
वरून सांडेपर्यंत ओतली.
किती झाले, विचारलं.
चंची तोंडात सारत म्हणाली,
‘त्येला माप न्हाई.’

गाडीत बाटली मांडीवर धरून बसलो.
गरम होती. कळ्याच्या पुढं येईपर्यंत गरम होती.
शेजारचा म्हणाला, काकवी काय?
म्हटलं, होय.
याहून जास्त काही सांगता आलं नाही,
त्यालाही, नंतर पाळकसाहेबांनाही.
अर्धी बाटली सुलोचनाबाईंकडं पोचवली,
त्यांचे गुडघे धरलेत हल्ली,
उभं राहून प्रार्थना होत नाही.

ते तीन रुपये रविवारी थैलीत टाकणार होतो.
टाकले नाहीत.
काट्याच्या पेटीत आहेत अजून, चिकट झालेत.

देवा, मला बोलता येत नाही.
तुझ्यापुढं येईन तेव्हा
गोणपाट, सुतळी, चिखल, भुसा
सगळं वजा कर,
उरेल ते उरेल.
पण त्या बाटलीचा हिशेब कसा लावायचा
ते मला अजून कळलेलं नाही.

आज पुन्हा पुसला काटा.
रवा चढला.
हमाल ओरडला, मामा, आकडा!
आणि साऱ्या यार्डाला ऐकू जाईल असं
मी म्हणालो,
तीस किलो दोनशे.
एवढंच मोठ्यानं म्हणता येतं मला.