हेच चालव

इतवारीच्या बोळात, जिन्याखाली माझी लॅब.
इथं माणसं येत नाहीत, त्यांचे जबडे येतात,
पिशवीतून, प्लास्टरचे.
बोट फिरवलं की कळतं :
हा सुपारी फोडतो, ही झोपेत दात खाते.

चिठ्ठीवर होतं : संघमित्रा निमगडे, वय सोळा.
वरचे समोरचे दोन. काढता-घालता येणारी प्लेट.
डॉक्टर फोनवर म्हणाले, कबड्डीत गेले.
जबडा वाढतोय अजून, स्क्रू बसवता येत नाही.
शेजारचे दात धडधाकट,
पुलासाठी ते कशाला कोरायचे?
मोठी होईपर्यंत हेच चालव.

हेच चालव!
माझं घर या दोन शब्दांवर चाललंय.
हिरडी भरायच्या आत लग्नाला उभा राहिलेला नवरदेव,
शाळा उघडायच्या आदल्या दिवशी धावत आलेल्या ढोबळेबाई,
आणि ऑटोवाले भुरे :
पुलाचे पैसे जमेपर्यंत, म्हणाले होते.
नऊ वर्षं झाली. पोरीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला.
प्लेट तीच. तार फक्त दोनदा बदलली.

शाळेच्या ओळखपत्रावरचा तिचा फोटो
भिंगाखाली धरून पाहिला.
डावा दात किंचित तिरपा होता.
तसाच तिरपा बसवला.

मे महिन्यात ती स्वतःच आली.
उन्हात इथल्या सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात,
हिनं तो कूलरसमोर बसूनही सोडला नाही.
"डॉक्टरसायबांनी पाठवलं, काका. हरवला जी.
तर्रीपोहे खाताना कागदात गुंडाळून ठेवला होता,
पोहेवाल्यानं कचरा समजून फेकला."
स्कार्फ हलला. हसली असावी.

दुसरा साचा फळीवर होताच.
नवी प्लेट दिली, सोबत एक डबी.
झोपताना काढ, पाण्यात ठेव,
खेळताना तर काढच.
"मंग साऱ्या पोट्ट्या पाहतील न!"
यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी तार तपासत बसलो.

डॉक्टरांकडं बसवून परत आली, दाखवायला.
म्हटलं, हुतुतू म्हण.
"ते काय असते?"
तुझाच खेळ, आमच्या वेळचं नाव.
हुथुथू, म्हणाली. वारा सुटला.
पुन्हा. हुथुतू.
तिसऱ्यांदा जीभ नेमकी दातामागं टेकली
आणि ती थांबेचना, एका दमात,
दारापर्यंत, जिन्यापर्यंत,
बोळाच्या तोंडाशी पोचेस्तोवर ऐकू येत राहिली.

साच्याच्या बुडाशी पेन्सिलनं लिहिलं :
फेकू नये.
आणखी तीन वर्षं.