देवळीतली काजळी

दरवाजा गेला त्रेसष्ट साली.
केळीचा ट्रक कमानीत अडकला, दोन दिवस निघेना,
घड काळे पडले, माशा घोंगावल्या,
तेव्हा नगरपालिकेनं ठराव केला: कमान पाडावी.
चौकी राहिली. ती कुणाच्या आड आली नव्हती.

आता ती जपायची आहे.
मी चुना घोटतो. बोरी नदीची चाळलेली रेती,
गूळ, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी.
साहेब म्हणाले, आधीचं सगळं खरवडा.

खरवडलं.
वरचा पिवळा निघाला: मतदान केंद्र क्रमांक चार.
त्याखाली निळा: सायकली भाड्याने, तासाला दोन आणे.
त्याखाली जकात, सरकीच्या गाडीला किती,
आकडा अर्धाच उरलेला.
त्याखाली प्लेगच्या सालचा नुसता चुना, जाड,
कुणीतरी घाईनं फासलेला,
बोटं उमटलेली तशीच.

फरशीवर वाघ-बकरीचा डाव कोरलाय.
रेघा गुळगुळीत, एक कोपरा फुटका.
पहारा म्हणजे बहुतेक बसून राहणंच.

वाघुळदे गुरुजी मोडी वाचतात.
कचेरीच्या दप्तरात त्यांना एक ओळ सापडली:
सुभान वल्द नथू तडवी, जागल्या,
रात्री चौकीत गातो, सबब दोन आणे दंड.
पुढच्या महिन्यात परत तोच, परत दोन आणे.
तिसऱ्यापासून पगारातूनच वजा,
कारण न लिहिता.

काय गायचा, ते दप्तरात नाही.

दिवे लागले की दरवाजा बंद, गुरुजी सांगतात.
उशिरा आलेला गाडीवान बाहेरच राहायचा.
आतून: कोन शे?
बाहेरून नाव, गाव, बैलांचा रंग.
तरी अडसर निघायचा नाही पहाटेपर्यंत.
मला वाटतं, गाणं बाहेरच्यांसाठी होतं.
वाटतं एवढंच. पुरावा मागू नका.

फलक आलाय: संरक्षित वास्तू, खिळे ठोकू नयेत.
काल शेवटची देवळी राहिली होती.
आत काजळी, तव्याच्या पाठीसारखी.
साहेब म्हणाले, ब्रश मार.
मी हो म्हणालो, ब्रश पाण्यात बुडवला
आणि बाजूची भिंत पुन्हा एकदा धुतली.

संध्याकाळी धुळ्याकडचे ट्रक जातात
दार होतं तिथून, वेग कमी न करता.
सामान आवरताना घमेलं दगडावर आपटलं,
आतून आवाज परत आला.
मी उगाच नाव सांगितलं. गावही.
बैल नाहीत, म्हणून
मोटरसायकलचा रंग.