बेटाची पट्टी

डोमा चाचेरेचं चोनकं
काठावरच्यांच्या पेटीशी कधीच जुळलं नाही.
अर्धा सूर खाली. कधी पाऊण.
लोक म्हणायचे, "डोमाजी, ताना ना जरा तात!"
तो म्हणे, "तानतो बावा. पन पानी आयकत नाई."

बेटावर दव दुपारपर्यंत उठत नसे,
वैनगंगा दोन्ही बाजूंनी कातड्यात शिरायची.
मी त्याचा झीलकरी, बेचाळीस वर्षं.
माझा गळा त्याच ओलीत पिकला,
मला तो सूर बरोबरच वाटायचा.

पहिली मंडई केली तेव्हा त्याला मिशी नव्हती.
लुगडं नेसून नाचला,
परतताना बिदागीचे तांदूळ डोंग्यात भिजवले
म्हणून घरी मार खाल्ला.
मग गुरूचं चोनकं त्याच्या बगलेत आलं.
गुरू मेला म्हणून नव्हे,
दम्याने गुरूला बगल मिटता येईना म्हणून.

दिवाळी ते होळी, गाव गाव.
शेवटचा डोंगा चुकला तर वाळूत निजायचो.
समोर बेटावर त्याच्या घरचा कंदील,
मध्ये दीड बांबू पाणी.
तो तिकडे पाहून हळू छेडायचा,
सरजाबाई कंदील एकदा खाली-वर करायची.
बस. एवढीच दाद मागितली त्याने आयुष्यात.

एकदा नागपूरला रेडिओवर नेलं.
थंड, कोरडी खोली, भिंतींना भोकं.
कातडं ताणलं, सूर चढला,
पहिल्यांदाच सगळ्यांशी जुळला.
साहेब खूश. डोमा कावराबावरा.
"हे माहं नोहाय," म्हणाला,
आणि प्यायच्या पेल्यात बोटं बुडवून
कातड्याला पाणी लावलं.
चार वेळा घेतलं त्यांनी. चारही वेळा त्याने लावलं.
ते गाणं पुढे लागलं की नाही, कळलं नाही;
आमच्या रेडिओचे सेल तेव्हा संपले होते.

मानधनाच्या अर्जात 'वाद्य' या रकान्यात
बाबूने 'इतर' लिहिलं.
'गाव' पाशी मात्र पेन अडलं.
बेटाची अर्धी रेती ट्रकांनी नेली होती,
उरलं ते धरणाच्या फुगवट्याने.
डोमा म्हणाला, "लिवा, नदीत."

आता आम्ही टेकडीवरच्या नव्या वस्तीत.
नळ आहे, डांबर आहे, ओल नाही.
चोनकं माझ्या खुंटीला.
नातू मोबाईलवर सूर मोजतो, हिरवा ठिपका लागतो:
"आजा, एकदम बरोबर आहे."

मी उठतो, माठाशी जातो,
हात बुडवतो.