आधी उघडणे

विद्याधरने याद्या केल्यात,
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर,
पोर्ट ट्रस्टात नकाशे काढायचा त्या अक्षरात.
प्रत्येक ओळीपुढे एक रिकामा चौकोन.
गॅस ट्रान्सफर. वीजमीटर. पेन्शनच्या बँकेत नवा पत्ता.
पेपरवाल्याचं बिल. खिळे काढून भोकं बुजवणे.
टेम्पो शनिवारी पहाटे सहाला,
नंतर गल्लीत शाळेच्या बसगाड्या अडतात म्हणून.

मी विचारलं, खोकी किती लागतील?
म्हणाला, बत्तीस.
बत्तीस तर आपला माळाच खाईल.

गालाशेठ दुकानातून रोज चार रिकामी देतो.
त्यामुळे आमची पुस्तकं साबणात निघालीत,
देव ग्लुकोज बिस्किटांत,
आणि सासूबाईंची पितळी भांडी,
ज्यांना त्या मला पहिली सात वर्षं हात लावू देत नव्हत्या,
सॅनिटरी पॅडच्या खोक्यात.

वर मी स्केचपेनने लिहिते:
काच.
काच नाही, पण जपून.
विद्याधरला विचारणे.
तिथे गेल्यावर टाकून देणे.
हे शेवटचं त्याने वाचलं, बोलला नाही काही,
उचलून नेण्याच्या रांगेत ठेवलं.

कपाट दारातून निघेना.
तीनदा टेप लावून झाली, उभं, आडवं, तिरकं.
मग आठवलं, ते दारातून आलंच नव्हतं.
सत्त्याऐंशी साली रामसजीवन मिस्त्रीने
ते याच खोलीत उभं केलं,
दीड महिना आम्ही भुश्यात जेवलो.
घर घेणारा मुलगा नम्रपणे म्हणाला,
राहू दे काकी, आम्ही तोडून घेऊ.
विद्याधरने त्या चौकोनात बरोबरची खूण केली
आणि पेन्सिल उगाचच कोरत बसला.

काल किल्ल्यांचा डबा काढला. श्रीखंडाचा.
सायकलची किल्ली, सायकल गेली.
ऑफिसातल्या ड्रॉवरची, ऑफिसच गेलं.
तळाशी एक, गुलाबी लोकरीत ओवलेली,
माहीमच्या खाऱ्या हवेने तांबूस झालेली:
समोरच्या ओफेलिया मिस्किटाची.
त्र्याण्णवच्या जानेवारीत दिली होती तिने,
काही विचारलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं,
फक्त हातात ठेवली, आणि आमची मागून घेतली.

परत द्यायला गेले.
तिने भिंतीवरून आमची काढली,
मेरीच्या तसबिरीखालच्या खिळ्यावरून.
तेव्हा मला घाम फुटला.
आम्ही कुलूप बदललं होतं. दोन हजार सहात.
तिला सांगायचं राहिलं.
आज सांगू, उद्या सांगू,
मग इतकी वर्षं झाली की सांगणंच लाजिरवाणं झालं.

म्हटलं, ओफेलिया, ही किल्ली…
म्हणाली, ठाऊक आहे गो. लागत नाही.
तुम्ही नाशिकला गेला होता बघ, लग्नाला,
तुमच्या दाराखालून पाणी यायला लागलं.
मी किल्ली लावली. फिरेना. पुन्हा लावली.
मग गच्चीवर जाऊन तुमचा कॉक बंद केला,
जिना पुसून काढला.

आणि बोलली का नाहीस?

तू सांगशील म्हटलं.

माझ्या हातातली तिची किल्ली तिने घेतली नाही.
ठेव, म्हणाली. खारघरला जाते आहेस,
माझं दार काय तिकडे येणार आहे?
पण माझं कुलूप तेच आहे.

रात्री शेवटचं खोकं भरलं.
चहा, साखर, दोन कप, काडेपेटी,
एक बल्ब, खिळे, हातोडी, विद्याधरच्या बीपीच्या गोळ्या.
वर लिहिलं, आधी उघडणे.
लोकरीसकट ती किल्ली साखरेच्या डब्यात टाकली,
नाहीतर सापडायची नाही.

विद्याधर यादी घेऊन आला:
शेजारची किल्ली परत करणे. झालं?
मी म्हटलं, तो चौकोन तसाच राहू दे.
त्याने चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं,
आणि विचारलं,
चिकटपट्टी कुठे ठेवलीस?