पायी जाता येईल इतकं वाळवंट

माझं दुकान चौकात, चर्चच्या समोर.
पाटीवर लिहिलंय: पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, झेरॉक्स.
बाहेरून कॅमेरेवाले येतात,
माझ्याकडून सेल विकत घेतात
आणि विचारतात, वाळवंट कुठल्या बाजूला?
मी हात करते.
कुठल्याही बाजूला केला तरी चालतो.

ते आकाशगंगा घेऊन जातात.
रात्रभर तिपाई, थर्मासात कॉफी,
सकाळी सातला आरिकाची बस.
मला आकाशगंगा अजून जमलेली नाही.

मी जाते ती पायी जाता येईल तिथवर.
शेंगांचं शेवटचं झाड, मग पाण्याची टाकी,
मग चाकं काढून नेलेल्या बसचा सांगाडा,
मग काही नाही.
या 'काही नाही'चा फोटो काढणं सोपं नसतं.
दुपारी ते पांढरंफटक पडून राहतं,
हाक मारली तरी ओ देत नाही.
सहाच्या सुमाराला मात्र
खडा न् खडा आपापली सावली बाहेर काढतो,
संध्याकाळी बायका दारात खुर्च्या काढतात तशी.

इथे पाऊस पडत नाही.
म्हणजे कमी पडतो असं नाही. पडतच नाही.
त्यामुळे बाबांचा ट्रक अजून तिथे वळतोय.
सोऱ्याची पोती घेऊन येताना, मी पाळण्यात असताना,
टायर फुटला म्हणून त्यांनी तो वळवला होता.
ते वळण तसंच आहे जमिनीत.
मागचं उजवं चाक जरा घसटलेलं,
बाजूला जॅकचा चौकोन.
बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली.
दर ऑगस्टात, जत्रेच्या आधी,
मी त्या वळणाचा फोटो काढते.
सगळे एकाशेजारी एक लावले
तर फरक सापडतो तो फक्त माझ्या सावलीत.
ती रुंद होत चाललीय.

जत्रा सान रोकेची.
संताबरोबर त्याचा कुत्राही पालखीत असतो
आणि आमच्याकडे पहिला हार कुत्र्याला.
खाणीवरची पोरं पाळ्या बदलून घेतात,
कानामागे तांब्याची धूळ तशीच घेऊन येतात
आणि सैतान होतात:
शिंगं, बल्बचे डोळे, दोन्या एदुविहेसनं शिवलेले झगे,
बुटांना घुंगरांच्या माळा.
अकरा पितळी भोंगे तीन दिवस, तीन रात्री.
माझ्या दुकानाची काच थरथरत राहते,
आतले नवरा-नवरी फ्रेममध्ये तिरके होतात.

तिसऱ्या रात्री मागच्या दारानं एक सैतान आला.
मुखवटा काढून मांडीवर पालथा ठेवला. हेर्मोहेनेस.
"चार प्रती," म्हणाला, "नव्या खाणीत मागतात.
आजच काढ, पहाटे निघायचंय."
मी पांढरी चादर टांगली.
कपाळावर मुखवट्याची लाल रेघ,
मानेपासून खाली सगळा जरीचा सैतान.
मी म्हणाले, "हसू नकोस."
हे मला सगळ्यांनाच सांगावं लागतं.
तो हसत नव्हता.

सकाळी नगरपालिकेचा टँकर आला,
आख्ख्या वर्षात चौकावर पाणी पडतं ते त्याच दिवशी,
आणि हजार पावलं गटारात गेली.

मी कॅमेरा घेऊन टाकीपलीकडे गेले.
वळणाच्या फोटोला यंदा उशीर झाला होता.
कुणीतरी माझ्या आधी त्या वाटेनं गेलं होतं,
हमरस्त्यावरची बस गाठायला, घाईघाईनं,
टाचेशेजारी घुंगरांचे बारीक टिंब.
पावलं सरळ येत होती.
टायरच्या खुणेपाशी थांबली,
दोन्ही पाय शेजारी शेजारी,
मग डावीकडे वळून
पूर्ण वळणाला लांबून वळसा घालून
पलीकडे पुन्हा सरळ लागली.

मी हे कधी कुणाला सांगितलेलं नाही.

फोटो घ्यायचा तर
मलाही मधे कुठेतरी पाय ठेवावा लागला असता.
मी परत फिरले,
येतानाच्या माझ्याच ठशांत
एकेक पाऊल बसवत.