तेरावं

शनिवारी दुपारी दुर्कसमावशीनं पळस उकळला.
होळीला पोट्ट्यांनी वेचलेला, उरला तो
सुपात वाळून कागद झालेला.
गंजातलं पाणी आधी मळकट, मग पिवळं,
पाकळ्या पिळल्यावर शेंदरी.

बारा अंडी रंगात सोडली.
तेरावं हाताला ऊबदार लागलं.
खुडूक कोंबडीखालचं होतं, चुकून टोपल्यात आलेलं.
मावशीनं ते मुठीत उभं धरलं
कवेलूच्या फटीतून उतरलेल्या उन्हात.
आत लाल धाग्यांचं जाळं
आणि मधे एक ठिपका,
हलून राह्यला होता.

"हे नको," ती म्हणाली, "याच्यात कोणी आहे."
कोंबडीनं मनगटावर चोच मारली,
तरी कुटारात हात घालून ठेवून आली.

पहाटे टिनाच्या देवळात पाळकबुवा बोलले
लोटलेल्या धोंड्याबद्दल, रिकाम्या कबरेबद्दल.
आम्ही बाहेर अंड्यावर अंडं आपटत होतो,
फुटेल तो हरला.
शेजारच्या गिरजाबाईच्या नातवालाही एक दिलं.
त्यानं विचारलं, रंगवता कायले,
सोलून फेकाचंच आहे तर?
मावशी हसली.
"सणाले अंगण सारवतेच ना तुही आजी?
पाय तर पडतेच त्याच्यावर."

मोह सरत आला तेव्हा
कुटारात अर्धं कवच सापडलं.
आतून कोरडं, पांढरं.
बाहेर मावशीच्या अंगठ्याचा शेंदरी ठसा,
रेघ न् रेघ.

ज्याचं होतं
ते उकिरड्यावर माती उकरत होतं,
आमच्याकडे पाठ करून.