तिसरा रकाना

चोपड्यात, खतांच्या दुकानाच्या माडीवर आमचं कॉलेज:
दोन खोल्या, अकरा मायक्रोस्कोप,
त्यातले चार बरे.
दुपारी पत्रे तापून कडकडतात,
युरियाचा वास जिन्याने वर येतो
आणि मी फळ्यावर लिहिते
हि-पॅ-टाय-टिस.

घाबरू नका, म्हणते. ही केळीची फणी आहे,
अख्खी तोंडात कोंबायची नसते.
एकेक सुटं करा.
हिपॅटो म्हणजे यकृत, खाटकाकडची कलेजी.
आयटिस म्हणजे सुजलंय, लाल झालंय, ठणकतंय.
आणि एक्टॉमी?
मागच्या बाकावरून मुबारक तडवी, रावेरचा,
"घड उतरवल्यावर खोड कापतात, ते."
तेच, मी म्हणते. ते.

हायपो खाली, हायपर वर.
पो पाताळातला, पर पर्वतावरचा.
कुंदन कोळ्याकडून वीस वेळा म्हणवून घेतलं,
कारण एक अक्षर चुकलं
की साखर उतरलेल्याला कोणी इन्सुलिन टोचेल.

वहीत तीन रकाने आखायचे, हा माझा नियम.
पहिल्यात पुस्तकातला शब्द, दुसऱ्यात मराठी,
तिसऱ्यात घरी आई म्हणते तो.
व्हर्टिगो. चक्कर. भवंड.
डिस्प्निया. धाप. दम भरी ऱ्हायना.
सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी आलेली म्हातारी
ग्रीकमध्ये कण्हणार नाही, पोरांनो.

रुमलीचा तिसरा रकाना कोरा.
रुमली बारेला, वैजापूरच्याही पुढच्या पाड्यावरची.
मी विचारलं नाही. परीक्षा जवळ होती,
आणि खरं सांगायचं तर
तिने भरला असता तरी मला तपासता आला नसता.

सप्टेंबरात रक्तपेशींचा धडा.
ड्रेपॅनो, ग्रीकमधला विळा.
सिकल, इंग्रजीतला. तोही विळाच.
पेशी हवी गोल, ती अशी वाकते,
आणि खडूने काढून दाखवला, नुसतं पातं, मूठ सोडून.
बारीक नसांत अडकते, मग सांधे धरतात.
आवडायचं मला हे शिकवायला.
चित्र पटकन कळतं.

तास सुटल्यावर ती थांबली.
कंपासपेटीतून पिवळं कार्ड काढलं,
कोपरे मऊ झालेलं.
"आठवीत आश्रमशाळेत रक्त घेतलं होतं, मॅडम.
जपून ठेव म्हणाले. मी ठेवलं.
हे ए-एस काय असतं?"

पाच वर्षं.

एक ए, एक एस, म्हटलं. एक आईकडून, एक बापाकडून.
तुला आजार नाही गं, तू फक्त...
कॅरिअर म्हणणार होते, जीभ अडली.
"अर्धा विळा," तीच म्हणाली.
मग फळ्याकडे बघत,
"धाकट्याचं कार्ड लाल होतं."

होतं.

डस्टर माझ्या हातात होता. मी पुसलं नाही.

"परत सांगा," म्हणाली, "पहिल्यापासून.
घरी सांगायचंय. बहिणीचं ठरतंय,
मुलाचं रक्त तपासा म्हणते."
दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मराठीत,
दोन्ही वेळा तिने मान डोलावली
आणि जिन्यावर गेली, तिथे रेंज येते.
मी दाराशी उभी.
लांबच लांब वाक्यं, त्यात माझं एकही नाही.
दोन ठिकाणी सिकल,
चपलेत खडा यावा तसा.
आणि एक शब्द, पुन्हा पुन्हा,
तो विळाच असणार.
मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिची वही भरलेली,
तिसरा रकाना खालपर्यंत, देवनागरीत, खाडाखोडीसकट.
मी खुर्ची ओढली. वाच, म्हटलं.
ती वाचत गेली, मी माझ्या वहीत लिहीत गेले.
त्या शब्दाशी आल्यावर मीही मोठ्याने म्हटला.
ती हसली. "असं नाही, मॅडम."
तीनदा म्हणायला लावला.
चौथ्यांदा मान हलवली,
तीही जराशीच.